डिस्कची ओळख वाचणाऱ्या आणि बदलणाऱ्या लिनक्स कमांड : वापरानंतरचे परीक्षण

कोल्हापुरातील लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओत, छपाईच्या कार्यालयात किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसात गेलात, तर कपाटात एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच काळ्या रंगाच्या बाह्य हार्ड डिस्कची रांग हमखास दिसते. त्यांवर मार्करने लिहिलेली वर्षे आणि आडनावे हाताळून पुसट होतात, चिकटवलेल्या पट्ट्या पावसाळ्यातल्या दमट हवेत सुटून येतात, आणि संगणकाला जोडल्यावर त्यांतल्या बऱ्याच डिस्क स्वतःचे नाव ‘न्यू व्हॉल्यूम’ एवढेच सांगतात. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले की शाहूपुरी आणि व्हीनस कॉर्नर परिसरातील तळमजल्यावरचे व्यावसायिक सामान वर हलवू लागतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांचा अनुभव घेतलेले लोक ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहत बसत नाहीत. अशा घाईत सगळ्या डिस्क एकाच पिशवीत जातात, आणि पाणी ओसरल्यावर मूळ प्रत कोणती आणि तिची नक्कल कोणती हे ठरवण्याचे काम उरते. हे काम अंदाजाने करू नये असे माझे ठाम मत आहे, कारण जुन्या प्रतीवरून नव्या प्रतीवर उलट दिशेने कॉपी झाली, तर एखाद्या कुटुंबाच्या लग्नाचे फोटो कायमचे जातात.

हे काम निश्चितपणे करता येईल अशी साधने लिनक्समध्ये फुकट आणि तयार मिळतात. पैकी ‘एलएसबीएलके’, ‘बीएलकेआयडी’, ‘वाइपएफएस’, ‘फाइंडएमएनटी’ आणि ‘स्वॅपलेबल’ या कमांड युटिल-लिनक्स या पॅकेजमध्ये येतात, आणि कारेल झाक अनेक वर्षे त्याची देखभाल करत आहेत. ‘ई२लेबल’ आणि ‘ट्यून२एफएस’ या थिओडोर त्सो यांच्या ई२एफएसप्रॉग्समधील आहेत. हार्डवेअरपर्यंत पोहोचायचे झाल्यास मार्क लॉर्ड यांचे ‘एचडीपार्म’, स्मार्टमॉनटूल्समधील ‘स्मार्टसीटीएल’ आणि एनव्हीएमई-सीएलआय ही तीन साधने लागतात. येथे कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहिण्याच्या खिडकीत, ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावयाची आहेत. या सगळ्यांकडे मी एकच उत्पादन म्हणून पाहतो, कारण कामाच्या टेबलावर ती एकत्रच वापरावी लागतात, आणि त्यांच्याबद्दलचा माझा निर्णय सुरुवातीलाच सांगतो : ओळख वाचण्याच्या कामात ही साधने उत्कृष्ट आहेत, ओळख बदलण्याच्या कामात विश्वासार्ह पण विखुरलेली आहेत, आणि देवनागरी नावांच्या बाबतीत त्यांतली काही अजून कच्ची आहेत.

परीक्षणापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असायला हवी. डिस्कला एकच ओळख नसते. कारखान्यात कोरलेला सिरीयल नंबर वेगळा, पार्टिशन तक्त्यातला, म्हणजे डिस्कच्या भागांच्या यादीतला ओळखक्रमांक वेगळा, त्या पार्टिशनवरच्या फाइल सिस्टमचा (फाइल मांडून ठेवण्याच्या पद्धतीचा) यूयूआयडी हा आपोआप मिळणारा लांब ओळखक्रमांक वेगळा आणि आपण ठेवलेले लेबल वेगळे. आपल्याकडे शेताचा गट नंबर सातबाऱ्यावर ठरलेला असतो आणि घरातली माणसे मात्र त्याच जमिनीला ‘विहिरीचे रान’ म्हणतात, तसाच हा प्रकार आहे. दोन्ही नावे खरी, पण कागद करताना कोणते लावायचे हे माहीत असावे लागते. सिरीयल नंबर नेहमीच्या कोणत्याही कमांडने बदलता येत नाही, आणि तो बदलता येऊ नये हेच योग्य आहे. लेबल आणि यूयूआयडी मात्र फॉरमॅट केले की बदलतात, आणि फॉरमॅट न करताही बदलता येतात.

‘एलएसबीएलके’ या कमांडबद्दल मनापासून चांगले लिहावेसे वाटते. काहीही न जोडता ती चालवली, तर डिस्क आणि तिच्या पार्टिशनची झाडासारखी मांडणी दिसते. ‘-एफ’ जोडले की फाइल सिस्टमचा प्रकार, लेबल, यूयूआयडी आणि उरलेली जागा दिसते. खरा उपयोग ‘-ओ’ या पर्यायाचा आहे, कारण त्यापुढे आपल्याला हवे ते रकाने हव्या त्या क्रमाने देता येतात. मी नाव, क्षमता, मॉडेल, सिरीयल, डब्ल्यूडब्ल्यूएन (उत्पादकाने दिलेला आणखी एक क्रमांक), फाइल सिस्टम, लेबल आणि यूयूआयडी असा क्रम ठेवतो, आणि ही ओळ शेलच्या अलियासमध्ये, म्हणजे कमांडच्या छोट्या टोपणनावात, कायमची लिहून ठेवली आहे. त्यामुळे एका नजरेत वरच्या ओळीवर डिस्कचा कारखान्याचा नंबर आणि खालच्या ओळीवर पार्टिशनचे आपण दिलेले नाव, असे दोन्ही थर एकमेकांशेजारी दिसतात. ही माहिती यूडेव्हच्या (जोडलेल्या उपकरणांची नोंद ठेवणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नोंदींमधून येत असल्यामुळे तिला रूटचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाचे, अधिकार लागत नाहीत, म्हणून ऑफिसातील साध्या वापरकर्त्यालाही ती बिनधोक शिकवता येते. या कमांडने डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. ‘-जे’ (कॅपिटल) दिल्यास हेच सर्व जेसन या प्रोग्रामला वाचता येणाऱ्या स्वरूपात मिळते, आणि नोंदवही तयार करणारी छोटी स्क्रिप्ट त्यावर सहज बसवता येते.

‘बीएलकेआयडी’ वयाने थोरली आहे आणि तिचा स्वभाव थोडा अवघड आहे. रूट नसताना चालवली, तर ती कॅशमधील (आधी साठवून ठेवलेली) जुनी, न पडताळलेली माहिती दाखवू शकते. नुकतेच लेबल बदलले आणि तरी जुनेच दिसते, अशी तक्रार करणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच कारण निघते. त्यावर उपाय म्हणजे रूटचे अधिकार घेऊन ‘-पी’ हा पर्याय द्यावा. मग ती कॅश बाजूला ठेवून थेट डिस्कवरच्या खुणा वाचते. याच पर्यायात या साधनाचा सगळ्यात मोलाचा गुण दिसतो. एखादी डिस्क पूर्वी एका फाइल सिस्टममध्ये होती आणि नंतर घाईने दुसऱ्या फाइल सिस्टममध्ये फॉरमॅट केली, तर कधी कधी जुनी खूण तशीच राहून जाते. अशा डिस्कवर ‘बीएलकेआयडी -पी’ अंदाजाने एक उत्तर देत नाही; माहिती संदिग्ध आहे असे सांगून ८ हा निर्गमन संकेत (कमांड संपताना मिळणारा निकालाचा आकडा) देते, तर काहीच सापडले नाही तर २ देते. जे निश्चित नाही ते निश्चित म्हणून न सांगणारे साधन डेटाच्या कामात फार मोलाचे असते. मग ‘वाइपएफएस’ पुढे काही न जोडता, केवळ डिस्कचे नाव देऊन चालवावी. डिस्कवर कोणकोणत्या खुणा कुठल्या स्थानी आहेत याची यादी ती देते. तिच्या नावामुळे लोक घाबरतात, पण ‘-ए’ किंवा ‘-ओ’ दिल्याशिवाय ती काहीही पुसत नाही, आणि पुसते तेव्हाही डेटा न पुसता ओळखीची खूण तेवढी काढते. तरीही ‘-ए’ बरोबर बॅकअपचा पर्याय द्यावा, म्हणजे काढलेले बाइट फाइलमध्ये राहतात आणि परत लिहिता येतात.

आता हार्डवेअरच्या थराकडे वळू. साटा डिस्कसाठी ‘एचडीपार्म -आय’ कॅपिटल आय वापरून चालवल्यास डिस्क स्वतःबद्दल जे सांगते ते थेट तिच्याकडून वाचले जाते : ४० अक्षरांपर्यंत मॉडेल, २० अक्षरांपर्यंत सिरीयल नंबर आणि ८ अक्षरांपर्यंत फर्मवेअरची आवृत्ती. हाच पर्याय लहान लिपीत दिल्यास डिस्क जोडली त्या वेळी कर्नेलने घेतलेली माहिती मिळते, म्हणून कॅपिटल आयचीच सवय लावावी. ‘स्मार्टसीटीएल -आय’ हीच माहिती अधिक वाचनीय रीतीने देते आणि सोबत डब्ल्यूडब्ल्यूएनही देते. हा ६४ बिटांचा क्रमांक असतो, त्यात उत्पादकाचा नोंदणीकृत संकेत समाविष्ट असतो आणि डिस्कच्या वरच्या लेबलवरही तो अनेकदा छापलेला असतो. एनव्हीएमई ड्राइव्हसाठी ‘एनव्हीएमई लिस्ट’ पुरेशी आहे.

अडचण येते ती यूएसबी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे डिस्क बसवून यूएसबीने जोडण्याच्या डबीत. आपण डिस्कशी बोलत आहोत असे वाटते, पण मध्ये एन्क्लोजरची ब्रिज चिप असते आणि ती पुष्कळदा स्वतःचीच ओळख पुढे करते. शहरातील एका दुकानातून मी दोन स्वस्त एन्क्लोजर एकदम घेतली, तर दोन्ही एकच सिरीयल नंबर सांगत होती. याचा परिणाम किती खोल जातो पाहा : ‘/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’ या फोल्डरमध्ये प्रत्येक डिस्कसाठी तिच्या सिरीयल नंबरवरून एक दुवा तयार होतो, आणि दोघींचा नंबर एकच असेल तर दुवाही एकच राहतो. त्यामुळे त्या दुव्यावर भिस्त ठेवून लिहिलेली बॅकअपची स्क्रिप्ट कोणत्या डिस्कवर लिहील हे सांगता येत नाही. दुकानदाराला हे दाखवले, तेव्हा ‘दोन्ही चालतात की’ एवढेच उत्तर मिळाले. चालण्याबद्दल माझी तक्रार नव्हतीच. अशा वेळी ‘स्मार्टसीटीएल’ला ‘-डी सॅट’ हा पर्याय दिल्यास ब्रिज चिपच्या पलीकडे जाऊन आतल्या डिस्कचा खरा सिरीयल नंबर बहुधा वाचता येतो. एन्क्लोजर विकत घेताना दुकानातच लॅपटॉपवर ही एक कमांड चालवून पाहावी असा माझा आग्रह आहे. आतला नंबर दिसला नाही, तर ते एन्क्लोजर बॅकअपच्या कामाला घेऊ नये.

फोटोग्राफरांच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट येथेच सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. एसडी कार्डातही कारखान्यात लिहिलेली १२८ बिटांची सीआयडी नावाची नोंद असते, आणि तिच्यात उत्पादकाचा संकेत, उत्पादनाचे छोटे नाव, सिरीयल नंबर आणि निर्मितीचा महिना व वर्ष असते. कार्ड लॅपटॉपच्या अंतर्गत रीडरमध्ये घातल्यावर ते ‘एमएमसीबीएलके०’ अशा नावाने दिसत असेल, तर ‘/सिस/ब्लॉक/एमएमसीबीएलके०/डिव्हाइस’ या फोल्डरमधील ‘सीआयडी’, ‘नेम’, ‘सिरीयल’ आणि ‘डेट’ या फाइल ‘कॅट’ कमांडने वाचता येतात; वेगळे साधन काहीच लागत नाही. तेच कार्ड यूएसबी रीडरमधून जोडले, तर ते सामान्य डिस्कसारखे ‘एसडीबी’ वगैरे नावाने दिसते आणि सीआयडी लपून राहते. एकाच मॉडेलची म्हणून विकत घेतलेली कार्डे खरोखर एकाच प्रकारची आहेत का, हे पाहण्याचा हा चांगला मार्ग आहे. लग्नाच्या मोसमात कार्डे एका सहकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जातात तेव्हाही हा नंबर नोंदवहीत असल्यास वाद राहत नाही.

ओळख बदलण्याच्या बाजूकडे आलो की साधनांची शिस्त सैल पडते. ईएक्सटी४ साठी ‘ई२लेबल’, एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस_अॅडमिन’, बीटीआरएफएससाठी ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टम लेबल’, फॅटसाठी ‘फॅटलेबल’ किंवा ‘एमलेबल’, एनटीएफएससाठी ‘एनटीएफएसलेबल’, एक्सफॅटसाठी ‘एक्सफॅटलेबल’ आणि स्वॅपसाठी ‘स्वॅपलेबल’. प्रत्येकीची लिहिण्याची रीत निराळी आहे. कोणाला लेबल थेट डिस्कच्या नावापुढे हवे असते, कोणाला कॅपिटल एल हा पर्याय हवा असतो, तर एमलेबलला लेबलच्या आधी दोन अपूर्णविराम लागतात. वाचण्यासाठी एकच छान कमांड आणि लिहिण्यासाठी सात वेगवेगळ्या, ही विसंगती इतक्या वर्षांत दूर झालेली नाही, आणि या संचाचे गुण देताना मी सर्वांत जास्त गुण येथेच कापतो. प्रत्येक फाइल सिस्टमची आतली रचना वेगळी असल्यामुळे प्रत्येकीचे लिखाण तिच्याच जाणकारांनी करावे हे मला मान्य आहे. पण वरून एकच दरवाजा ठेवायला काही हरकत नव्हती.

लेबलची लांबी हा मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. ईएक्सटी४ चे लेबल १६ बाइटांचे, एक्सएफएसचे १२ बाइटांचे, फॅटचे ११ अक्षरांचे, एक्सफॅटचे ११ यूटीएफ-१६ एककांचे, तर बीटीआरएफएसचे २५५ बाइटांपर्यंत. इंग्रजी लिहिणाऱ्याला १६ बाइट म्हणजे १६ अक्षरे, म्हणून त्याला फरक जाणवत नाही. देवनागरीत मात्र यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीमध्ये प्रत्येक वर्ण, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलन्त यांना तीन-तीन बाइट लागतात. ‘कोल्हापूर’ या नावात क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार आणि र अशी नऊ एकके आहेत, म्हणजे २७ बाइट. ते ‘ई२लेबल’ला दिले, तर लेबल लांब असल्याची सूचना येते आणि १६ बाइटांवर ते कापले जाते. पाच एककांचे १५ बाइट बसतात आणि सोळाव्या जागी पुढच्या कान्याच्या तीन बाइटांपैकी पहिला एकटाच राहतो. डिस्कवर ‘कोल्ह’ आणि त्यापुढे एक तुटका बाइट उरतो. असे अर्धवट लेबल वैध यूटीएफ-८ राहत नाही, आणि ते कुठे चौकोन तर कुठे प्रश्नचिन्ह म्हणून दिसते. अक्षराच्या सीमेवर कापणे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला अजिबात अवघड नाही. ती काळजी घेतली गेलेली नाही याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण मराठीच नव्हे, तर हिंदी, तमिळ, थाई अशा सर्वच लिप्यांच्या वापरकर्त्यांना हा त्रास होतो.

तेच ‘कोल्हापूर’ एक्सफॅटमध्ये मात्र पूर्ण बसते, कारण तेथे नऊ एकके नऊच मोजली जातात. फॅटमध्ये जुन्या डॉस कोडपेजची चौकट असल्यामुळे देवनागरीला जागाच नाही, आणि लहान लिपीतले इंग्रजी लेबल दिले तरीही ‘फॅटलेबल’ सूचना देते. ती सूचना गांभीर्याने घ्यावी आणि सर्व अक्षरे कॅपिटल ठेवावीत. मराठी नावासाठी सर्वांत चांगली जागा मला जीपीटी (पार्टिशन तक्त्याचा नवा प्रकार) पार्टिशनच्या नावात सापडली. हे नाव पार्टिशन तक्त्यात असते, फाइल सिस्टमच्या आत नसते, आणि त्यात यूटीएफ-१६ ची ३६ एकके मावतात. ‘एसजीडिस्क’ला ‘-सी’ पर्याय देऊन, पार्टिशनचा क्रमांक, अपूर्णविराम आणि नाव लिहिले की ‘शाहूपुरी लग्ने मूळ प्रत’ असे संपूर्ण मराठी नाव बसते; युटिल-लिनक्समधील ‘एसएफडिस्क’नेही हे करता येते. नंतर ‘एलएसबीएलके’च्या रकान्यांत पार्टलेबल जोडला की ते नाव जोडाक्षरांसह दिसते, मात्र टर्मिनलचा फाँट चांगला हवा. फॉरमॅट केल्यावर फाइल सिस्टमचे लेबल जाते, पण पार्टिशन तक्ता तोच राहिला तर हे नाव टिकते, हा त्याचा आणखी एक फायदा.

यूयूआयडी बदलण्याची गरज रोज पडत नाही, पण पडते तेव्हा ती टाळता येत नाही. एका डिस्कची ‘डीडी’ या कमांडने बाइटन् बाइट हुबेहूब नक्कल केली की यूयूआयडीही हुबेहूब उतरतो, आणि दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडल्यावर संगणकापुढे एकाच ओळखीच्या दोन डिस्क उभ्या राहतात. येथे प्रत्येक फाइल सिस्टमचा स्वभाव दिसतो. एक्सएफएस दुसरी प्रत माउंट करायला, म्हणजे वापरासाठी उघडायला, सरळ नकार देते. ती फक्त वाचायची असेल, तर ‘नोयूयूआयडी’ पर्यायाने माउंट करता येते आणि कायमची वेगळी करायची असेल, तर ‘एक्सएफएस_अॅडमिन’ला कॅपिटल यू आणि ‘जनरेट’ देऊन नवा क्रमांक घेता येतो. हा नकार मला सुरक्षित वाटतो. ईएक्सटी४ नकार देत नाही, म्हणून जबाबदारी आपल्यावर येते. ‘ट्यून२एफएस’ला कॅपिटल यू आणि ‘रँडम’ दिल्यावर आधी फाइल सिस्टमची पूर्ण तपासणी करा असे ती सांगू शकते, कारण मेटाडेटाच्या (फाइल सिस्टमच्या आतल्या नोंदींच्या) चेकसममध्ये, म्हणजे पडताळणीच्या आकड्यात, जुना यूयूआयडी मिसळलेला असतो; तेव्हा डिस्क अनमाउंट करून ‘ई२एफएससीके -एफ’ चालवावे आणि मगच पुढे जावे. बीटीआरएफएसच्या बाबतीत सर्वाधिक सावधगिरी हवी. तेथे एकाच यूयूआयडीच्या दोन प्रती एकाच संगणकाला एकाच वेळी दिसूच देऊ नयेत. ‘बीटीआरएफएसट्यून’ने नक्कल वेगळी करावी, आणि तोपर्यंत मूळ डिस्क काढून ठेवावी. लहान यू दिल्यास सगळा मेटाडेटा नव्याने लिहिला जातो, म्हणून मोठ्या डिस्कवर वेळ लागतो. लहान एमचा मार्ग कर्नेल ५.० पासून आहे आणि तो पटकन होतो.

एवढे करून पार्टिशन तक्ता विसरला जातो. हुबेहूब नकलेत डिस्कचा जीयूआयडी (तक्त्यातला ओळखक्रमांक) आणि प्रत्येक पार्टिशनचा जीयूआयडीही तोच असतो. ‘एसजीडिस्क’ला कॅपिटल जी दिल्यास हे सर्व एका फटक्यात नवे होतात, आणि नक्कल मोठ्या डिस्कवर केली असेल, तर लहान ई देऊन तक्त्याची राखीव प्रत डिस्कच्या खऱ्या शेवटाकडे हलवावी लागते. जुन्या एमबीआर प्रकारच्या तक्त्याच्या डिस्कवर ३२ बिटांची एकच सही असते. विंडोजला अशा एकाच सहीच्या दोन डिस्क दिसल्या, तर दुसरी ऑफलाइन ठेवली जाते, आणि घरात ‘डिस्क गेली’ म्हणून घबराट होते. डेटा शाबूत असतो.

बदलानंतरचे एक काम या कमांड आपल्यासाठी करत नाहीत. ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क उघडायच्या त्या यादीत, जुना यूयूआयडी लिहिलेला असेल, तर पुढच्या वेळी संगणक सुरू होताना सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्या डिस्कची सामान्यतः ९० सेकंद वाट पाहते आणि नंतर आणीबाणीच्या शेलमध्ये जाऊन थांबते. बाह्य डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ लिहावे, आणि बदल केल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवून पाहावे. नसलेल्या यूयूआयडीची ओळ ती लगेच दाखवते. रूट पार्टिशनचा (ज्यावर लिनक्स बसवलेले असते त्याचा) यूयूआयडी बदलणाऱ्याला ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, मांडणीही नव्याने करावी लागेल.

कोल्हापुरातील बहुतेक कार्यालयांत विंडोज आहे, म्हणून त्याचा उल्लेख आवश्यक आहे, पण तो थोडक्यात करतो. कमांड प्रॉम्प्टमधील ‘व्होल’ लेबल आणि व्हॉल्यूमचा क्रमांक दाखवते, ‘लेबल’ नाव बदलते, आणि ‘डिस्कपार्ट’मधील ‘युनिकआयडी डिस्क’ डिस्कची सही वाचते व बदलते. दोन्ही बाजूंनी पडताळणी करण्याची सोय मात्र सुंदर आहे : फॅट आणि एक्सफॅटसाठी ‘व्होल’ जे आठ षोडशमान अंक दाखवते तेच ‘बीएलकेआयडी’ यूयूआयडीच्या जागी दाखवते. एनटीएफएसचा क्रमांक ६४ बिटांचा असतो. लिनक्स त्याचे सोळाही अंक दाखवते, आणि त्यांतले शेवटचे आठ विंडोजच्या अंकांशी जुळतात. त्यामुळे ग्राहकाने फोनवरून विंडोजमधले आठ अंक वाचून दाखवले, तरी आपल्या नोंदवहीतील डिस्क निश्चित होते. ज्यांना लिनक्स बसवायचे नाही, त्यांनी सिस्टमरेस्क्यू हे पेन ड्राइव्हवरूनच चालणारे लिनक्स एका पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावे. येथे सांगितलेल्या जवळपास सर्व कमांड त्यात तयार असतात.

खर्चाच्या दृष्टीने या संचाला तोड नाही, कारण तो मुक्त परवान्याखाली आहे. माहितीपाने इंग्रजीत आहेत, पण नेमकी आहेत, आणि लेबलच्या लांबीसारख्या मर्यादा त्यांत बहुतेक वेळा लिहिलेल्या सापडतात. ज्याच्याकडे दोनच डिस्क आहेत, त्याला एवढे शिकण्याची गरज नाही. एक्सफॅटमध्ये मराठी नाव द्यावे आणि ‘एलएसबीएलके’ने ते पाहावे. ज्याच्याकडे इतरांचा डेटा सांभाळायला आहे, त्याने मात्र हा संच शिकलाच पाहिजे असे मी आग्रहाने सांगेन. मी फाइल सिस्टमचे लेबल ११ कॅपिटल रोमन अक्षरांच्या आत ठेवतो, म्हणजे ते फॅटपासून ईएक्सटी४ पर्यंत कुठेही न कापता बसते : पेठेची तीन अक्षरे, वर्षाचे दोन अंक, डिस्कचा क्रमांक, आणि मूळ प्रतीला एम, नकलेला एन. पूर्ण मराठी नाव जीपीटीच्या पार्टिशनवर, आणि सिरीयल नंबरचे शेवटचे सहा अंक डिस्कच्या खालच्या बाजूला छापील पट्टीवर. या नोंदवहीची छापील प्रत डिस्कच्या कपाटात न ठेवता दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ठेवावी, आणि दर वर्षी जूनच्या सुरुवातीला प्रत्येक डिस्क जोडून ती ‘एलएसबीएलके’च्या ताज्या यादीशी पडताळून घ्यावी.